पायलीभर बेस

गाडीची डिकी कंपनी लिटरात मोजते आणि घर पिशव्यांत. स्विफ्टच्या डिकीचे 265 लिटर माहितीपत्रकात ऐसपैस वाटतात. गणपतीला गावी निघताना त्यात दोन बॅगा, मखराचं सामान, निरांजनांची पेटी आणि 'असू दे, लागेल' या सदरात मोडणारा कुकर गेला की मागच्या काचेतून रस्ता दिसेनासा होतो. अशा डिकीत सबवूफर, म्हणजे फक्त बेसचे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, बसवायचा म्हणजे भरल्या एसटीत सतरंजी अंथरण्यासारखं आहे. जागा मिळते, पण कुणीतरी उभं राहतं.

ॲक्सेसरीजच्या दुकानात याला एकच उत्तर असतं: "साहेब, बारा इंची टाका, मजा येईल." मजा येते, वाद नाही. पण पोर्टवाल्या, म्हणजे हवा ये-जा करायला भोक ठेवलेल्या, बारा इंची डब्याला आतून 50 लिटर हवा लागते. 18 मिलिमीटर एमडीएफच्या भिंती धरल्या की तोच डबा बाहेरून 66 लिटर भरतो. म्हणजे डिकीचा चौथा हिस्सा गेला, आणि उरलेल्या तीन हिश्श्यांचा आकार असा होतो की त्यात फक्त छत्री नीट मावते.

छोट्या डब्यात मोठा वूफर कोंबून हा प्रश्न सुटत नाही. डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. डबा जितका लहान तितकी स्प्रिंग कडक, आणि पडद्याला खालचे सूर काढायला तितके कष्ट. केएलएच या स्पीकर बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीतला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांच्या नावाचा एक नियमच आहे: लहान डबा, खोल बेस आणि मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मागा. तिसरी मागितलीत तर दुकानदार हो म्हणेल, हवा म्हणणार नाही.

गाडी मात्र इथे आपल्या बाजूने साक्ष देते. 40 हर्ट्झची ध्वनिलहर साधारण साडेआठ मीटर लांब असते, अख्ख्या गाडीपेक्षा लांब. ती बंद केबिनमध्ये मावत नाही, म्हणून वूफर तिथे हवेवर सरळ दाब देतो आणि खालचे सूर आपोआप उचलले जातात. बंद डब्याचा आवाज खाली जिथे उतरायला लागतो, तिथेच केबिन त्याला हात देते. म्हणून हॅचबॅकमध्ये माझं मत दहा इंची वूफर आणि 16 ते 20 लिटरचा बंद डबा यालाच. घरातल्या खोलीत तो भुकेला वाटेल, गाडीत पोटभर वाजतो.

आता हे 18 लिटर लपवायचे कुठे?

सर्वांत सोपी जागा सीटखालची. आठ इंची वूफर आणि ॲम्प (ॲम्प्लिफायर) एकाच चपट्या डब्यात असलेले तयार संच मिळतात, जाडी साधारण सात-आठ सेंटिमीटर. विकत घेण्याआधी जुन्या वह्यांचा सात सेंटिमीटरचा गठ्ठा सीटखाली ठेवा, सीट सगळ्यात खाली करा आणि पुढून मागे पूर्ण सरकवा. वह्या चुरगळल्या तर वूफरही चुरगळेल, फक्त जास्त महाग. उंची कमी-जास्त होणाऱ्या सीटखाली आडवी दांडी असते, ती नेमकी शेवटच्या दोन सेंटिमीटरला दगा देते. काही गाड्यांत मागच्यांसाठी एसीची नळी तिथून जाते. स्मार्ट हायब्रिड एर्टिगात शेजारच्या सीटखाली लिथियमची बॅटरी आधीच बिऱ्हाड करून आहे. पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना हात लावायचा नाही, 'जरा बाजूला करतो' असंही नाही. आणि जुलै महिना विसरू नका. ओल्या चपलांचं पाणी कार्पेटखाली जाऊन बसतं, म्हणून संच थेट कार्पेटवर न टेकवता ब्रॅकेटवर बोटभर उचलून बसवा. या संचाकडून छाती हादरण्याची अपेक्षा नको. तबल्याचा डग्गा पहिल्यांदा ऐकू येईल, एवढं नक्की.

दुसरी जागा स्टेपनीची. हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो वेल्समधल्या लनेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, हे सांगितलं तर गॅरेजवाला हसतो. डेव्हिस बंधूंनी 1904 साली तिथे जादा चाक विकायला सुरुवात केली. त्या चाकाच्या वाटीत बसणारे गोल वूफर मिळतात. चाकाला धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या जागी लांब बोल्ट येतो आणि वूफर त्यावरच आवळला जातो. चाकाचा व्यास, वाटीची खोली आणि डिकीच्या फळीपर्यंतची उंची ही तीन मापं घेतल्याशिवाय पैसे देऊ नका; 14 इंची चाकात बरेच मॉडेल बसत नाहीत. फळी वर ढकलली गेली की तिचा पाळणा होतो. आणि पंक्चर होतंच, तेही घाटात, पावसात. तेव्हा सामान उतरवा, फळी काढा, वूफर सोडवा, मग चाक. म्हणून वायरला कपलर लावून घ्या आणि अर्धा मीटर वायर जादा सोडा. त्या बोल्टला लागणारा पाना जॅकसोबतच ठेवा, घरी 'नीट जपून' नको.

तिसरी वाट खऱ्या हौशीची: चाकावरच्या फुगवट्यामागे जो कोपरा कधीच कामाला येत नाही, तिथे फायबरचा डबा ओतायचा. पॅनेल काढल्यावर आत पेट्रोल भरण्याची नळी नाही ना, मागच्या दिव्याचा बल्ब बदलायला हात जातो ना, हे पाहा. सीएनजी गाडीत सिलेंडर, त्याच्या नळ्या आणि ब्रॅकेट यांच्या वाटेला जाऊच नका. पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन आडवे-उभे थर, त्यावर फॉइल, मग काचतंतूची मॅट आणि पॉलिएस्टर रेझिन. 100 मिलिलिटर रेझिनला हार्डनर एक ते दोन मिलिलिटर. घाईने पाच टाकलंत तर मगातच धूर निघतो. कमी टाकलंत तर डबा आठवडाभर गुळाच्या ढेपेसारखा चिकट राहतो. आकार द्यायला थर्माकोल वापरायची कल्पना सुचेल, पण रेझिन त्याला डोळ्यांदेखत विरघळवतं. गाडीत दोनच थर द्या, सुकल्यावर कवच बाहेर काढा आणि उरलेले थर अंगणात देऊन सहा मिलिमीटर जाडी करा. वास मागच्या सीटवर मुक्काम करतो, तेव्हा हे काम लग्नाला जाण्याच्या आठवड्यात नको. पुढे एमडीएफची कडी काठ्यांवर उभी करायची, त्यावर ताणलेलं कापड रेझिनमध्ये भिजवायचं, आतून पुन्हा मॅट, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर.

या वेड्यावाकड्या डब्यात हवा किती मावते, हे पट्टीने मोजता येत नाही. त्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माप आहे. पायली हे मुळात वजनाचं नव्हे, आकाराचं माप. तेच तत्त्व. डबा पूर्ण सुकू द्या, आत प्लॅस्टिक अंथरा, लिटरच्या मापाने ज्वारी ओतत जा आणि मोजा. वूफर स्वतः दीड-दोन लिटर जागा खातो, ती वजा करा. थोडं कमी पडलं तर उशीत भरतात ते पॉलिएस्टर फायबर सैलसर भरा. आतली हवा डब्याला थोडा मोठा समजू लागते. ज्वारी परत कोठीत ओतू नका. भाकरीला रेझिनचा वास आला तर डबाही जाईल आणि तुम्हीही.

वायरिंगवर लोक सगळ्यात कमी खर्च करतात आणि तिथेच गाडी पेटते. खोक्यावरचे 2000 वॉट विसरा, आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा पाहा. 250 वॉटचा ॲम्प 80 टक्के कार्यक्षम धरला तर 13.8 व्होल्टला जवळपास 23 ॲम्पिअर ओढतो. त्याला आठ गेजची वायर आणि 30 ॲम्पिअरचा फ्यूज लागतो, तोही बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत. फ्यूज ॲम्पला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. डिकीत लावलेला फ्यूज पुढच्या चार मीटर वायरीचं काहीच करू शकत नाही. वायर सोलून ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. अर्थिंगची वायर आखूड ठेवा, रंग खरवडून उघड्या पत्र्याला आवळा, सीटबेल्टच्या बोल्टला कधीच नाही. पॉवरची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाण्यात डास गुणगुणतो.

सेटिंग पाच मिनिटांचं असतं. लो-पास, म्हणजे वूफरकडे फक्त खालचे सूर सोडणारी गाळणी, 80 हर्ट्झवर; बेस बूस्ट शून्य. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, डेकच्या सिग्नलशी ॲम्प जुळवायचं बटण: डेक तीन-चतुर्थांशावर ठेवा, आवाज फाटेपर्यंत गेन वाढवा आणि तिथून मागे या. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून फेजचं बटण (पडद्याची हालचाल उलटवणारं) 0 आणि 180 असं दोन्हीकडे करून पाहा, जिकडे आवाज भरीव वाटेल तिकडे ठेवा.

त्यानंतर गाडी स्वतः गायला लागते. आधी नंबरप्लेट. नव्या प्लेटचे लॉक उघडत नाहीत, तेव्हा फोमची पट्टी खालून सरकवायची. मग पार्सल ट्रेचे खुंटे, त्यांना फेल्ट. मग डिकीच्या दाराचा पत्रा, त्याला ब्यूटाइलची शीट रोलरने दाबून. एकेक आवाज शोधत, कान पत्र्याला लावत रविवार संपतो आणि गाडी अखेर गप्प होते. वूफरवर लोखंडी जाळी तेवढी विसरू नका, कारण गावी निघताना सामान भरताना त्या जाळीला टेकून बसतो कुकर. पहिल्या ढुमला त्याचं झाकण वाजायला लागतं.