‘तंबोरा लावा’ म्हणणाऱ्या श्रोत्यांना उत्तर

नमस्कार.

‘मोनो’ या टोकियोच्या रॉक बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर मी जो लेख लिहिला, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी तिच्यातलं मुख्य वाक्य उतरवते : ‘ताई, बारा मिनिटं एकच स्वर ऐकायचा असेल तर घरी तंबोरा लावावा, त्यासाठी जपान्यांचा गोंगाट कशाला? आधी थोडं शास्त्रीय ऐका, मग ध्यानाच्या गोष्टी करा.’ त्याशिवाय रेकॉर्डिंग वाईट आहे, सगळी परदेशी बँडची नक्कल आहे, आणि ‘अंडर द पिपल ट्री’ या रेकॉर्डच्या नावाचा पिंपळाशी काडीचा संबंध नाही, असंही तुम्ही लिहिलं आहे. खाली सही ‘एक जुना श्रोता’.

‘ध्यान’ हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. शोधून बघा. मी न बोललेलं माझ्या तोंडी घालायचं आणि मग ते खोडून काढायचं, ही रीत जुन्या श्रोत्याला शोभत नाही. लेख पटला नाही असं दोन ओळींत लिहिलं असतंत तरी मी आभार मानून विषय संपवला असता. पण तुम्ही लेखाबद्दल बोलतच नाही, लेख लिहिणारीबद्दल बोलता. तिने काय ऐकलं असेल, काय ऐकलं नसेल, तिला काय झेपत नसेल, हे सगळं तुम्ही मनाशी ठरवून टाकलंत. बाई रॉक ऐकते म्हणजे तिने गाणं ऐकलेलं नसणार, हा हिशेब कुठून आला?

एक गोष्ट मान्य करते. रेकॉर्डिंगबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. २००१ साली निघालेल्या या रेकॉर्डचा आवाज खरखरीत आहे. जोराच्या जागी झांजा बाकीच्या वाद्यांवर चढतात आणि बेस मागे पडतो. याच बँडची पुढची बरीच कामं शिकागोत स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने रेकॉर्ड केली, त्यांत प्रत्येक वाद्याला जागा आहे. तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

आता तंबोऱ्याबद्दल.

मी मिरजेची. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नाही, पण माहीत नसताना गप्प राहता आलं असतं. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे बनतात. ज्या घराण्याने हे काम सुरू केलं ते मुळात शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्या दुकानांसमोरून माझा शाळेचा रस्ता होता. वाळत टाकलेले भोपळे, लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास आणि तासन् तास जवारी काढत बसलेला कारागीर हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तरेतल्या किराणा गावचे, पण राहिले मिरजेत, आणि १९३७ साली गेल्यावर त्यांचं दफनही मिरजेच्या दर्ग्यातच झालं. उरुसात तिथे रात्रभर गाणं होतं. मांडी घालून बसता यायला लागलं तेव्हापासून मी तिथे बसत आले आहे. पुढे गुरुजींकडे गाणं शिकले, आणि पहिली कित्येक वर्षं माझं काम त्यांच्या मागे बसून तंबोरा छेडायचं होतं. तेव्हा मला तंबोरा लावायला सांगताना जरा विचार करायला हवा होता.

आणि मुद्द्याचं बोलायचं तर तंबोऱ्यात एकच स्वर असतो हे तुम्हाला सांगितलं कोणी? चार तारा : पहिली पंचमाची किंवा रागाप्रमाणे मध्यमाची, मग षड्जाची जोड, शेवटी खर्ज, म्हणजे खालचा षड्ज. तार घोडीवर, म्हणजे तिला खालून आधार देणाऱ्या पट्टीवर, एका बिंदूवर टेकत नाही. घोडीचा माथा किंचित उताराचा घासलेला असतो आणि हलणारी तार त्या उतारावर हलकेच घासत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे झाला की आवाज खुलतो किंवा मिटतो. जवारी ती हीच. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कोणी छेडत नाही, त्याची तार नाही, तरी तो असतो. आम्ही त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. गुरुजी तो ऐकू येईपर्यंत गायला सुरुवात करत नसत. मला तो पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी शेजारी कोणी गुणगुणतंय का म्हणून वळून बघितलं होतं.

‘मोनो’चं मला वेड लागलं ते या कानामुळेच, आणि तेच माझ्या लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं. १९९९ साली जमलेली ही चौघं : ताका गोतो आणि योदा गिटारवर, तमाकी बेसवर, तकादा ड्रमवर. गायक नाही. पहिली मोठी रेकॉर्ड काढली ती न्यूयॉर्कचा संगीतकार जॉन झॉर्न याच्या ‘त्झादिक’ या छोट्या रेकॉर्ड कंपनीने. त्यातली पहिली रचना ‘करेलिया’ बारा मिनिटांच्या आसपासची आहे. सुरुवातीला विरळ, संथ छेड. मग गोतो एकाच सुरावर पिक (तार छेडायची चकती) इतक्या वेगाने चालवतो की ठोके वेगळे ऐकू येणं बंद होतं आणि सूर सलग उभा राहतो. दुसरी गिटार त्याच्या जवळचा सूर धरते. दोन्ही आवाज डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाडून, येतात. दोन सूर एकत्र डिस्टॉर्शनमध्ये गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. हे कोणीही इलेक्ट्रिक गिटारवाला सांगेल. त्या धबधब्यात थोडा वेळ कान लावून बसलं की वरच्या बाजूला एक सुरावट ऐकू येऊ लागते जी दोघांपैकी कोणीच वाजवत नसतो. मला ती ऐकू आली आणि मी हेडफोन काढून पुन्हा घातले.

ही रेकॉर्ड मला उशिरा मिळाली. पुण्यात एका मित्राच्या हार्ड डिस्कवर त्यांची २००९ची ‘हिम टू द इमॉर्टल विंड’ होती. तिच्यात व्हायोलिनं आहेत, मोठा वाद्यवृंद आहे, आणि ती मला आवडली. पण मागे मागे जात पहिल्या रेकॉर्डपर्यंत पोचले तेव्हा जे मिळालं ते वेगळं होतं. तिथे आधाराला वाद्यवृंद नाही, चांगला स्टुडिओही ऐकू येत नाही. चार माणसं आणि त्यांची वाद्यं. सूर भरायचा तर तो त्या दोन गिटारींतूनच भरायचा. म्हणून मी ती पहिली रेकॉर्ड नंतरच्या सगळ्यांपेक्षा वर ठेवते. या मताशी तुम्ही भांडला असतात तर मला आनंद झाला असता. कितीतरी जाणकार मला इथे चूक ठरवतील, आणि त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल.

तुम्हाला गोंगाट वाटला, वाटो. पण मग गोंगाट कुठे सुरू होतो ते सांगा. खुल्या जवारीच्या तंबोऱ्यात जी झणझण असते तीही परक्या कानाला खरखरच वाटते. बाहेरचा कोणी ‘हे काय एकसुरी चाललंय’ म्हणाला तर तुमचा-माझा दोघांचाही संताप होईल, आणि व्हायलाच हवा. त्याच्या जागी आज तुम्ही उभे आहात.

बाकीचं थोडक्यात. नक्कल म्हणाल तर सोनिक यूथ आणि मॉगवाय या परदेशी बँडचा ठसा आहेच, तो मी लेखातच नोंदवला आहे. पिंपळाचं नाव बँडने ठेवलं, मी त्यावर एक ओळही लिहिलेली नाही. नावावरून भारतीय काहीतरी असेल असं तुम्ही धरून चाललात, त्याला मी काय करू?

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणार नाही. पुढे लिहायचं असेल तर ‘करेलिया’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चांगल्या हेडफोनवर ऐका. नाही आवडली तर कितव्या मिनिटाला कान उठला ते लिहा. त्यावर बोलू.