फी घेतली तर शिक्षण, फुकट दिलं तर आमिष?

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत आमच्या बेळगावात एक प्रश्न हमखास कानावर येतो, "सिस्टरांच्यात कोण वळखीचं हाय काय ओ?" पोरीला कॉन्वेंटात घालायचं असतं. कपाळाला टिळा लावलेला बापही तिथं हात जोडून उभा असतो, आणि त्यात मला काहीच वावगं वाटत नाही. लेकराचं भलं कुणाला नको?

वावगं पुढचं आहे. २३ डिसेंबर २०२१ ला, आपल्याच बेळगावच्या सुवर्णसौधात, कर्नाटकच्या विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. त्यात आमिष म्हणजे काय ते दिलंय: रोख पैसे, नोकरी, लग्नाचं वचन, आणि धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षण! म्हणजे आमच्याकडून फी घेणारी सिस्टर शिस्तीची, आणि तीच खानापूरच्या रानाकडच्या वाडीत गवळी-धनगराच्या पोराला फुकट शिकवायला बसली की संशयित. घरच्यांनी टाकलेल्या म्हाताऱ्यांचं हागमूत काढणारीसुद्धा त्यातच. धर्म बदलायच्या हेतूनं दिलं तरच ते आमिष, असं कायदा म्हणतो, मान्य. पण तक्रार नातेवाइकानं किंवा सोबत काम करणाऱ्यानं केली तरी चालते, आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनंच सिद्ध करायचं. २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळानं हा कायदा मागं घ्यायचं ठरवलं. चहाच्या गाड्यावरची व्याख्या मात्र तीच राहिली.

आता आकडे बघा. कर्नाटकात ख्रिस्ती लोक २००१ च्या जनगणनेत १.९१ टक्के, २०११ मध्ये १.८७. इतक्या पिढ्या शाळा-दवाखाने चालवून हाती एवढंच लागलं असेल, तर हा धंदा बुडीतच म्हणायचा.

जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरांना तरुणींची तस्करी आणि धर्मांतर केल्याच्या आरोपावरून अटक झाली. सोबतच्या तरुणी स्वखुशीनं कामाला निघाल्या होत्या, असं त्यांच्या घरचे सांगत होते. जामीन मिळायला ऑगस्ट उजाडला. त्या आठवड्यात आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा कसली, तर पावसाळ्यात काळे बूट घालायचे की सँडल चालतील. सिस्टरांबद्दल अवाक्षर नाही.

माझं सिस्टरांशी भांडण नाही असं नाही. शाळेच्या आवारात मराठी शब्द निघाला की पोरांवर डोळे का वटारता, हे मी त्यांना तोंडावर विचारतो, यापुढंही विचारेन.