घरासोबत शेजारही द्या

लेकीकडे इंग्लंडमध्ये शेफील्डला दोन महिने राहून आलो, त्याला वर्ष होईल. पण रेल्वे स्टेशनजवळच्या टेकडीवरचं पार्क हिल डोक्यातून जात नाही. महायुद्धानंतर, 1957 ते 1961 मध्ये, तिथल्या पालिकेने दाटीवाटीची जुनी वस्ती हटवून बांधलेली जवळपास हजार भाड्याची घरं. छप्पर एका सपाटीत, जमीन उतरती. म्हणून वरच्या टोकाला चार मजले, खालच्या टोकाला तेरा. दर तिसऱ्या मजल्यावर दारांसमोरून दहा फुटी रस्ता, दूधवाल्याची गाडी जाईल एवढा. मी मात्र थक्क झालो ते वेगळ्याच गोष्टीने. घरं देताना जुने शेजारी शेजारीच राहतील असं पाहिलं, आणि त्या रस्त्यांना पाडलेल्या गल्ल्यांचीच नावं दिली!

आम्ही बेळगावच्या शहापुरातली गल्ली सोडून लेआउटमध्ये साईट, म्हणजे प्लॉट, घेतली, घर बांधलं. हवा छान, गाडी लावायला जागा. पण गल्लीत राकसकोप धरणाचं पाणी आलं की कोपऱ्यावरची काकी ओरडायची, "पाणी आलं गं!" आणि घागरी, बादल्या, पिंपं बाहेर. कुणी गावाला गेलेलं असलं तर त्यांच्या पायरीवरची घागरसुद्धा भरलेली असायची. हातमागवाल्यांचं कन्नड आणि आमचं मराठी एकाच कट्ट्यावर चालायचं. इथे गेल्या उन्हाळ्यात मी तापाने पडून होतो, ही लेकीकडे. नळ येऊन गेला, मला कळलंच नाही. मी घरात आहे हे शेजाऱ्यांना तरी कुठं माहीत होतं? दोष त्यांचा नाही. ते खानापूरचे, पलीकडचे गोकाकचे, समोरचे हुबळीचे. आम्हाला साईट नंबरने एकत्र आणलंय.

पार्क हिलचंही पुढे वाईट झालं. 1980 च्या दशकात पोलादाची कामं गेली, डागडुजीकडे दुर्लक्ष झालं, आणि खापर फुटलं काँक्रीटवर. मला हे अजिबात पटत नाही. कमाई आणि देखभाल गेली तर वाडासुद्धा ढासळतो. 1998 मध्ये वारसा दर्जा मिळाल्याने इमारत वाचली. पण नूतनीकरणासाठी भाडेकरूंना हलवलं, नंतर बरेच फ्लॅट विक्रीला निघाले. ज्या शेजाऱ्यांसाठी तो रस्ता एवढा रुंद ठेवला होता, त्यांतले बहुतेक आता तिथे नाहीत. मला याचंच वाईट वाटतं.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. रस्ता रुंदीकरणात घरं गेलेल्यांना जागा देताना, घरकुलांची सोडत काढताना, अर्जात एक रकाना वाढवा: शेजारी कोण हवेत? गल्लीच्या पंचांना विचारा. संध्याकाळपर्यंत यादी हातात देतील.