रुपये अठ्ठेचाळीस फक्त

गेल्या सोमवारी सकाळी सव्वासातला मी थकबाकीदार झाले. त्याआधी सव्वीस वर्षं मी नागरिकशास्त्राची शिक्षिका होते.

आमच्या गावात (नाव सांगत नाही, येत्या मार्चमध्ये पुन्हा घरपट्टी भरायची आहे) रोज घंटागाडी येते. गाडीवर भोंगा आहे. सोमवारी ओल्या-सुक्या कचऱ्याची सूचना संपली, भोंगा जरा खाकरला आणि म्हणाला, ‘थकबाकीदारांची नावे खालीलप्रमाणे.’ भोंग्याच्या खाली म्हणजे नक्की कुठे, असं मनात येतंय तोवर पहिलंच नाव माझं आलं. नवऱ्याच्या नावासकट, घर क्रमांकासकट. मी फाटकात उभी, हातात खरकट्याची बादली. ‘दिवाबत्ती कर, रुपये अठ्ठेचाळीस फक्त.’

रक्कम मी पचवली असती. ते ‘फक्त’ घशात अडकलं. समोरच्या काकूंनी लसूण सोलता सोलता मान वर केली आणि म्हणाल्या, ‘अगं बाई, एवढेसेच?’ चाळीस-पन्नास हजार थकवले असते तर निदान गावात वजन तरी राहिलं असतं. यादीत एकंदर बारा नावं होती. त्यातले दोघे कधीच मुंबईला गेलेले, एकजण तर वारलेला. ज्यांचे स्टँडवर गाळे आहेत, ज्यांचं मंगल कार्यालय आहे, त्यांतलं एकही नाव भोंग्याच्या तोंडी आलं नाही. भोंग्यालाही मान-मर्यादा असते.

आवाज ओळखीचा होता. पंचायतीचा शिपाई. दहावीला माझ्याच वर्गात, मागून दुसऱ्या बाकावर. तो गाडीच्या पायरीवर उभा होता. मी म्हटलं, ‘अरे, ते फक्त कशाला?’ तो जराही ओशाळला नाही. ‘बाई, तुमीच शिकवलंय की. रक्कम अक्षरी लिवली की म्होरं फक्त लिवायचं, न्हाईतर कुनी बी शून्य वाढवतंय.’

सव्वीस वर्षांत शिकवलेलं एवढं एकच कुणाच्या तरी ध्यानात राहिलं, आणि तेही भोंग्यातून माझ्याच अंगावर आलं.

आता ते अठ्ठेचाळीस. मार्चमध्ये मी घरपट्टी, पाणीपट्टी, आरोग्य कर सगळं चोख भरलं होतं. दिवाबत्ती कर तेवढा राखून ठेवला, तोसुद्धा रीतसर अर्ज देऊन, शिक्क्याची पोच घेऊन. कारण आमच्या फाटकासमोरच्या खांबावरचा दिवा गेल्या दिवाळीपासून बंद आहे. खांब वीज कंपनीचा, दिवा पंचायतीचा आणि अंधार आमचा. आमचे हे त्याच अंधारात नळाच्या खड्ड्यात पाय मुरगळून पडले. दिवा लागेल त्या दिवशी कर भरीन, असं मी अर्जात लिहिलं होतं. मला तो सत्याग्रह वाटत होता. पंचायतीने त्याची थकबाकी केली.

तशीच साडी बदलून कार्यालयात गेले. सोमवार होता. आमच्या भाऊसाहेबांकडे तीन गावं, आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ मध्ये शासनाने त्यांचं पदनाम ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं. पाटी नवी आली, वार तेच राहिले. आत संगणकावरचा मुलगा सर्व्हर यायची वाट बघत बसला होता. आणि बाहेरच्या बाकावर आप्पा.

आप्पा हे पदाने कोणीच नाहीत. फार वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीत दोन मतांनी पडले. त्या दोनांतलं एक घरचंच होतं, असं गावात म्हणतात. पडल्यावर माणूस घरी बसतो. आप्पा कार्यालयाबाहेर बसले ते आजतागायत. कपाटाची किल्ली कुठे असते, ते त्यांनाच ठाऊक. शिक्का कोरडा पडला की तेही सगळ्यांच्या आधी त्यांच्याच लक्षात येतं.

मला बघून त्यांनी चष्मा वर केला. ‘काय बाई, आठ का नऊ?’

मी घड्याळ बघितलं. ‘साडेदहा.’

वर्गात सनावळी विचारल्यावर कविता म्हणणाऱ्या पोराकडे मी जशी बघायची, तसे आप्पा माझ्याकडे बघत राहिले.

‘नमुना विचारतोय. काम आठचं की नऊचं?’

पंचायतीचा सगळा हिशेब तेहतीस नमुन्यांत असतो, हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर शिकवलं काय, तर १ मे १९६२ ला महाराष्ट्रात पंचायत राज आलं, आणि त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. चार मार्कांची टीप. पंचायतीची कामं मात्र सगळी आमचे हेच करायचे. मी कार्यालयात यायची ती झेंडावंदनाला, आणि तेव्हा बाक झाडून ठेवलेला असायचा.

‘घर आठात राहतं,’ आप्पांनी सुरुवात केली. ‘आठ म्हणजे आकारणी. तुमचं घर आठात ठीक आहे, मी बघितलंय. मागणी नवात. पैसे भरलेत की दहाची पावती. तुम्ही दहात कमी पडलात, म्हणून नवात लटकलात.’

‘पण आप्पा, दिवाच लागत नाही.’

‘कुठला?’

‘आमच्या दारातला.’

‘तो पंधरात.’

मला वाटलं पंधरा दिवसांत लागेल. चेहरा उजळला असावा, कारण आप्पांनी लगेच हात आडवा केला. ‘पंधरा नंबरचा नमुना. उपभोग्य वस्तूंचा साठा. बल्ब आला की पंधरात चढतो, दिला की पंधरातून उतरतो. तुमच्या खांबाचा आषाढातच उतरलाय.’

‘खांबावरून?’

‘वहीतून. म्हणजे लागला.’

‘अहो, लागला कुठे? अंधार आहे. डोळ्यांनी दिसतोय.’

‘अंधार डोळ्यांनी कसा दिसेल?’ आप्पांनी शांतपणे विचारलं, आणि माझ्यापाशी खरंच उत्तर नव्हतं. ‘बरं, दिसला. लिहायचा कुठं? अंधाराला नमुना नाही. झाडाला आहे. तेहतीस, वृक्ष नोंदवही. हा बल्ब जर झाडाला टांगला असता तर निदान दोन वह्यांत सापडला असता.’

मी म्हटलं, ‘मग गेला कुठे तो बल्ब?’ आप्पांनी समोर बघितलं. समोर मंगल कार्यालय होतं. कमानीवर भर सकाळी चार दिवे जळत होते. आम्ही दोघांनीही ते बघितलं आणि दोघेही काही बोललो नाही. मग आप्पांनीच विषय बदलला. ‘चहा घेणार? चहा अठरात बसतो. किरकोळ.’

चहा आला. तो पीत असताना त्यांनी मला दोन मार्ग सांगितले. एक, अठ्ठेचाळीस भरून मोकळं व्हा. दुसरा, माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, तीस दिवस थांबायचं, मग अपील, मग दुसरं अपील. ‘दोन-तीन वर्षांत तुम्हाला सही-शिक्क्यानिशी कागद मिळेल.’

‘कसला?’

‘दिवा लागलेला आहे, असा.’

गावात आप्पांना चौतिसावा नमुना म्हणतात. मी इतके दिवस हसायची. त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं की तेहतिसांच्या मानाने हा चौतिसावाच बरा, निदान विचारलं तर बोलतो तरी.

मंगळवारी भाऊसाहेब आले. आत सरपंचांची खुर्ची आहे. सरपंच बाई आहेत. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या. खुर्ची त्यांची, पाटीवर नाव त्यांचं, सहीही त्यांची, फक्त बसलेले त्यांचे मालक होते. त्यांनी ‘या बाई, बसा’ म्हटलं. बाई स्वतः कुठे आहेत, विचारलं. तर म्हणे, ‘शेतावर. हिकडं मी बगतो.’ हे मी विनोदाने सांगतेय खरी, पण ती सरपंच माझीच विद्यार्थिनी. वर्गात हात वर करून उभी राहायची, ग्रामसभेचे अधिकार न अडखळता सांगायची. तिच्या सहीचं वळण मी ओळखते. आवाज मात्र गेल्या दोन वर्षांत या इमारतीत कुणी ऐकलेला नाही. असो. लिहिता लिहिता चिडायला होतं.

मी भाऊसाहेबांना स्वच्छ विचारलं. माझा अर्ज तुमच्याकडे आहे, पोच माझ्याकडे आहे, तर माझं नाव भोंग्यावर घ्यायचा अधिकार कुणी दिला?

भाऊसाहेब स्वभावाने मऊ आहेत. तीन गावांच्या शिव्या खाऊन माणूस मऊच पडतो. म्हणाले, ‘ठराव आहे बाई. मनाने काही केलेलं नाही.’ आणि त्यांनी इतिवृत्ताची वही काढली.

इथे थोडं मागे जावं लागेल, मे महिन्यात. आमच्या ओट्यावर कुरडयांचा घाट होता. चुलीवर चीक रटरटतोय, मी सोऱ्या दाबतेय, शेजारची सूनबाई खाली कापड ताणून धरतेय, अशात शिपाई वही घेऊन आला. ‘बाई, सही. महिला ग्रामसभा.’

‘कधी आहे?’

‘ही काय, चाललीय.’

मी इकडे तिकडे बघितलं. मी, सूनबाई आणि चीक. गावच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे मीच दहावीला शिकवायची. आणि मोठ्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी तेवढी माणसं लागतात. तेवढी न जमली तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्ती लागतच नाही. म्हणजे शंभरांनी यायचं टाळलं की सातांनी ठरवलेलं चालतं. कायद्याने चालतं. ज्याने ही सोय केली, त्याने आमचं गाव आधी बघितलेलं असणार. बायकांच्या सभेला तेवढंही लागत नाही. तिला वही लागते आणि शिपायाला सायकल.

चीक आटत होता. मी कोपराने पदर सावरला आणि चिकट बोटांनी सही ठोकली. ‘काय ठरलं रे सभेत?’ असंही विचारलं, हे मला आठवतं. तो म्हणाला, ‘ते मागनं लिवत्यात.’ आम्ही तिघेही हसलो होतो.

भाऊसाहेबांनी बोट ठेवलं तिथे मागनं लिहिलेलं होतं. ‘थकबाकीदारांची नावे घंटागाडीवरील ध्वनिक्षेपकाद्वारे जाहीर करावीत, अशी शिफारस सर्वानुमते.’ सूचक म्हणून शेजारच्या सूनबाईचं नाव. अनुमोदक म्हणून माझं. समोर माझी सही, आणि सहीवर वाळलेला चिकाचा पापुद्रा. तो मी नखाने काढू लागले तर भाऊसाहेब कासावीस झाले. ‘राहू द्या बाई, रेकॉर्ड आहे.’

सूनबाईला अजून सांगितलेलं नाही. तिच्या सासऱ्यांचं नाव यादीत सातवं होतं.

मी अठ्ठेचाळीस भरले. लाज वाटली म्हणून भरले, दुसरं कारण नाही. पन्नासची नोट दिली. सुटे नव्हते. सरपंचांचे मालक म्हणाले, ‘दोन रुपये जमा ऱ्हाऊ द्या म्होरल्या सालात.’ पंचायतीकडे माझे दोन रुपये आगाऊ जमा आहेत, हे कुठल्या नमुन्यात लिहितात ते विचारायला बाहेर आले, तर आप्पा जेवायला गेलेले.

दिवा बंदच आहे. पण पावती हातात आल्यावर रात्री झोप चांगली लागली, हे कबूल करते.

बुधवारी गाडी आली नाही. आज आली. मी पावती नीट घडी घालून पदराला बांधली होती, का कोण जाणे. कचऱ्याची सूचना झाली, भोंगा खाकरला आणि पहिलं नाव माझं. रुपये अठ्ठेचाळीस फक्त.

शिपाई पायरीवरून उतरला तेव्हा मी पावती त्याच्या नाकासमोर धरली. त्याने ती पूर्ण वाचली, अगदी तळाच्या ‘फक्त’पर्यंत. ‘बरोबर हाय बाई. पण ते पेनड्राइव्हात हाय. सबंद एकच फाइल हाय. तुमचं नाव काढायचं तर पयल्यापास्नं भरावी लागंल.’

‘मग भर.’

‘ठराव लागंल की.’ त्याने काखेतली वही काढली. ‘तसंबी २ ऑक्टोबरची ग्रामसभा हाय. त्याआदी बायकांची घ्याय लागती. तुमची तेवढी सही ऱ्हायलीय.’

‘कधी आहे सभा?’ मी विचारलं.

तो नुसता हसला. काकू लसूण बाजूला ठेवून बघत होत्या. गाडीवाल्याने हॉर्न दिला. माझा हात खरकट्याचा होता. तो मी पदराला पुसला.