आम्ही डॉक्टरांपासून गांजा लपवला

धाकट्या भावाला विचारून हे लिहितेय. पोस्ट टाकायच्या आधी त्याला पूर्ण वाचून दाखवली. "ताई, माझं नाव नको, बाकी सगळं लिही," म्हणाला.

जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या माणसांना थोडा गांजा जवळ बाळगायला आणि घरी तीन रोपं लावायला परवानगी दिली, तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन दिवस जुंपली होती. एक गट म्हणत होता, झाडपाला तर आहे, शंकराचा प्रसाद आहे, दारूपेक्षा शंभरपट बरा. दुसरा म्हणत होता, ओढणाऱ्या प्रत्येकाला आत टाका. गेल्या आठवड्यात पुन्हा तेच सुरू झालं. मी दोन्ही वेळा गप्प बसले, कारण दोन्ही गट ज्याच्याबद्दल बोलत होते तो मुलगा माझ्या घरात आहे, आणि त्याची गोष्ट दोघांच्याही बाजूने पुरती साक्ष देत नाही.

तो पुण्यात इंजिनिअरिंगला होता. पहिल्या वर्षी होस्टेलवर कुणीतरी दिला म्हणून ओढला, तिसऱ्या वर्षापर्यंत रोज. त्या दिवाळीत कराडला घरी आला तो वेगळाच. फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. आईने वाढलेलं ताट आधी मला खायला लावायचा. रात्रभर गच्चीवर बसायचा, आणि खाली रस्त्यावर कुणी नसताना "बघ, माझंच बोलतायत" म्हणायचा. आम्हाला आधी वाटलं अभ्यासाचा ताण. मग मावशी म्हणाली, बाहेरचं असेल. अमावस्येला देवऋषाकडे नेलं, लिंबू उतरवलं, गळ्यात ताईत बांधला. मी नोकरी करणारी, शिकलेली मुलगी त्या गाडीत मागच्या सीटवर बसले होते. आईला नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी दुसराच प्रश्न विचारला, "काही नशा करतो का?" बाबा ताडकन म्हणाले, "नाही डॉक्टर, आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कुणी तोंडात टाकत नाही." बाबांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्याच्या बॅगेत मला आठवड्यापूर्वीच पुडी आणि कागद सापडले होते, आणि मी ते ओढ्यात टाकून आले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

का, हे मला अजून लोक विचारतात. डोक्यात एकच होतं: केस झाली तर पासपोर्ट गेला, कॅम्पस प्लेसमेंट गेली, आणि आमच्या गल्लीत "गंजाडी" हा शब्द त्याला जन्मभर चिकटणार. डॉक्टर पोलिसांना कळवतील असं मला खरोखर वाटत होतं. त्या एका "नाही"मुळे केसपेपरवर गांजा आलाच नाही. गोळ्या सुरू झाल्या, थोडं बरं वाटलं की तो पुण्याला जायचा, पुन्हा ओढायचा, पुन्हा आवाज. डॉक्टर डोस वाढवत राहिले. दोनदा भरती केलं. चौदा महिने असे गेले. दुसऱ्या भरतीत एका सिस्टरने मला जिन्यात गाठून विचारलं, "ताई, खरं सांगा, काय घेतो?" आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले.

तेव्हा कळलं की डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवणं हे त्यांच्यावर बंधन आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला तो हक्क लिहून दिलाय, आणि मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. म्हणजे एक कायदा याला आजार म्हणतो आणि १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा त्याच माणसाला गुन्हेगार म्हणतो. नुसतं सेवन केलं तरी कलम २७ खाली गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कायद्यात कलम ६४ अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. हे कलम आम्हाला कुणी सांगितलं असतं तर! कॉलेजच्या नोटीस बोर्डावर "अंमली पदार्थ बाळगणे हा गुन्हा आहे" एवढंच होतं.

आणि हा कायदा पकडतो कुणाला? विधी सेंटर या संस्थेने मुंबईतले २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांतले खटले तपासले. दहा हजारांहून जास्त. त्यातले जवळजवळ सगळे स्वतः ओढणाऱ्यांवरचे होते, आणि बहुसंख्य गांजाचे. विकणारे या आकड्यात नावाला. फूटपाथवर, पुलाखाली सापडलेली गरीब पोरं गुन्हा कबूल करतात, दंड भरतात, सुटतात, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सापडतात. माझा भाऊ पकडला गेला नाही, कारण तो होस्टेलच्या खोलीत ओढत होता. हे लिहायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

आता ज्यांना वाटतं की मी गांजाची बाजू घेतेय, त्यांनी थांबा.

"झाडपाला आहे, काही होत नाही" हे खोटं आहे. धोतराही झाडच आहे. गांजात नशा आणतो तो टीएचसी नावाचा घटक. आपल्या मेंदूत काही रसायनं मुळातच असतात, ती ज्या कुलपांना लागतात त्याच कुलपांना टीएचसी जाऊन चिकटतो, आणि मेंदूची जडणघडण तर पंचविशीपर्यंत चालूच असते. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या सुमारे पंचेचाळीस हजार तरुणांचा माग पंधरा वर्षं काढला होता. १९८७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: भरतीच्या वयापर्यंत ज्यांनी भरपूर वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट. २०१९ मध्ये युरोपातल्या शहरांत आणि ब्राझीलमध्ये मिळून झालेल्या अभ्यासात दिसलं की रोज जास्त टीएचसीचा माल ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे भास आणि भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची, शक्यता जवळपास पाचपट. बहुतेकांना हे होत नाही, हेही खरं. माझ्या भावाच्या खोलीत चौघे ओढायचे, तिघे आज नोकरीला आहेत. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं की गांजा एकटा कारण नसतो. घराण्यात असतं, स्वभावात असतं, वय असतं, आणि त्यावर गांजा ठिणगीसारखा पडतो. आमच्या आजोबांच्या एका भावाला "वेड लागलं होतं" एवढंच घरात बोललं जायचं, त्यापुढे कधी कुणी बोललं नाही. ते आधी बोललं गेलं असतं तर भावाने पहिला झुरका घेतलाच नसता असं मी म्हणत नाही, पण रोजचा घेण्याआधी कदाचित विचार केला असता.

हे सगळं समजून घेताना एका जुन्या चौकशीबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं होतं. देशभर फिरून हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला. तेव्हाही ओरड हीच होती, की वेड्यांची इस्पितळं गांजामुळे भरली आहेत. कमिशनने इस्पितळांच्या नोंदी मागवल्या आणि एका वर्षाची प्रत्येक केस मुळापासून तपासली. गांजाच्या नावावर टाकलेल्या निम्म्याहून जास्त केसेस टिकल्याच नाहीत. झालं असं होतं की रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला "वेडाचं कारण" हा रकाना भरावा लागायचा. नातेवाईक कोण, घर कुठे, काही माहीत नसायचं. मग लिहायचं "गांजा". डॉक्टर तेच पुढे उतरवून घ्यायचे.

सव्वाशे वर्षांपूर्वी पोलिसांनी सांगितलं म्हणून त्या रकान्यात गांजा नसताना लिहिला गेला. आमच्या केसपेपरवर पोलिसांच्या भीतीने तो असून लिहिला गेला नाही. दोन्ही वेळा आजारी माणसाबद्दलची खरी माहिती डॉक्टरपर्यंत पोचली नाही.

म्हणून माझं मत: ओढणाऱ्याला, थोडा जवळ बाळगणाऱ्याला तुरुंग आणि खटला नको. पोर्तुगालने २००१ मध्ये सगळ्याच अंमली पदार्थांच्या बाबतीत हे केलं. तिथे विक्री गुन्हाच राहिली, पण स्वतःपुरतं सापडलेला माणूस कोर्टाऐवजी एका समितीपुढे जातो, आणि त्या समितीत समाजसेवक, मानसतज्ज्ञ अशी माणसं असतात.

आणि दुकानं? नकोत. यावर माझं मन अजिबात डळमळत नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला, तेव्हा उद्देश औषधाचा आणि शेतीचा सांगितला होता. बघता बघता देशभर हजारो दुकानं उघडली. तीन वर्षांत, जून २०२५ मध्ये, पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. कॅनडात गांजा घातलेल्या गोळ्या-बिस्किटं बाजारात आली आणि ती चुकून खाऊन दवाखान्यात येणारी लहान मुलं वाढली. "दारू चालते, मग गांजा का नाही" असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आपल्याच राज्यात बघा. दारूवरच्या उत्पन्नाची सवय झालेल्या सरकारला एक दुकान हलवायचं म्हटलं तरी गावातल्या बायकांना मतदान घेऊन बाटली आडवी करावी लागते. एकदा महसूल सुरू झाला की तो कुणाला सोडवत नाही. गोव्यात २०२० च्या शेवटी औषधासाठी लागवडीचा प्रस्ताव आला तेव्हाही गदारोळ झाला. गोव्यातल्या आयांचं कुणी विचारलं नाही.

औषधाबद्दल मात्र मला कसलाही विरोध नाही. लहान मुलांच्या काही कठीण फिट्सवर सीबीडी या गांजातल्याच दुसऱ्या घटकापासून बनवलेलं औषध अमेरिकेने २०१८ मध्ये मंजूर केलं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वात कडक यादीतून काढायचं मतदान झालं, त्यात भारताने बाजूने मत दिलं. ज्या आईचं मूल दिवसातून वीस वेळा फिट येऊन पडतं तिला ते मोजूनमापून, चिठ्ठीवर मिळालंच पाहिजे. पण त्या औषधाचा दाखला देऊन होस्टेलच्या जॉइंटचं समर्थन करू नका. सीबीडीने नशा येत नाही, टीएचसीने येते. आणि इन्स्टाग्रामवर "विजया तेल, झोपेसाठी, चिंतेसाठी" म्हणून येणाऱ्या जाहिराती (विजया म्हणजे गांजा-भांगेचंच झाड) बघून ज्यांच्या घरात सायकोसिसचा इतिहास आहे त्यांनी स्वतःच्या मनाने काही मागवू नका.

२०१९ च्या सरकारी सर्वेक्षणाप्रमाणे देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे तीन कोटींच्या वर होते, आणि त्यातल्या ७२ लाख माणसांना या व्यसनासाठी मदतीची गरज होती. ७२ लाख घरांत कुणीतरी माझ्यासारखं खाली बघत बसलं असेल.

भाऊ आता कराडलाच आहे, काकांच्या दुकानात हिशेब बघतो. रात्रीची गोळी चालू आहे. गांजा सोडून चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्याच्या जुन्या होस्टेलमधल्या एका मित्राचा फोन आला. त्याला झोप येत नव्हती, आणि शेजारचे भिंतीतून आपलं ऐकतात असं वाटत होतं. भाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेला आणि त्याला घेऊन दवाखान्यात बसला. मित्राचे वडीलही आले होते. डॉक्टरांनी विचारलं, काही घेतोस का? वडील बोलायला पुढे झाले तेवढ्यात भावाने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, त्याला बोलू द्या."