केरळची लॉटरी कुठलीही खाजगी कंपनी चालवत नाही

‘केरळने लॉटरी खाजगी कंपनीला दिली म्हणून आज वर्षाला हजारो कोटी कमावतंय. महाराष्ट्रानेही द्यावी. सरकारला धोका शून्य, कारभार पारदर्शक, विक्रेत्यांना दुप्पट कमिशन.’ हा मेसेज गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय. आमच्या मामांचा स्टेशनबाहेर लॉटरीचा स्टॉल आहे. त्यांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “डिपॉझिट भरून एजन्सी आत्ताच बुक करू का?” तेव्हा मात्र गप्प बसवेना.

पहिलंच वाक्य धादांत खोटं आहे. केरळ सरकारने १९६७ साली लॉटरीसाठी स्वतंत्र खातं काढलं आणि आजही तेच खातं लॉटरी चालवतं. एजंटांना तिकिटं जिल्हा लॉटरी कार्यालयातून मिळतात, सोडत तिरुवनंतपुरमच्या गॉर्की भवनात निघते. रस्त्यावर तिकिटं विकणाऱ्यांत म्हातारी आणि अपंग माणसं बरीच. त्यांच्यासाठी सरकारने कल्याण निधी मंडळ नेमलंय. ऑनलाइन लॉटरी तर केरळने २००५ मध्येच बंद केली. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं काहीही तपासलेलं नाही.

दुसरं, लॉटरी अशी उचलून कंपनीला देताच येत नाही. १९९८च्या केंद्रीय लॉटरी कायद्याचं कलम ४ वाचा. तिकिटं राज्याने छापायची, त्यांवर राज्याचं चिन्ह हवं, सोडत राज्यानेच काढायची, विक्रीचा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, म्हणजे सरकारी खात्यात, जमा व्हायचा, न नेलेलं बक्षीसही राज्याचं. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बी. आर. एंटरप्रायझेस खटल्यात हा कायदा उचलून धरला आणि या अटी पाळल्या तरच ती राज्याची लॉटरी, असं बजावलं. वितरक नेमायला कायद्याची परवानगी आहे, तेवढं मान्य. पण वितरकाने तिकिटं विकायची, लॉटरी चालवायची नाही. त्यामुळे होणाऱ्या-न होणाऱ्या कंपनीच्या एजन्सीसाठी कोणी आज डिपॉझिट मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका. आधी वाशीच्या राज्य लॉटरी कार्यालयात जाऊन विचारा. दुप्पट कमिशनचा आकडा कुठून आला, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘धोका शून्य’चं उत्तर अमेरिकेत आहे. इलिनॉय हे लॉटरीचं सगळं व्यवस्थापन खाजगी कंपनीकडे देणारं तिथलं पहिलं राज्य. २०११ पासून नॉर्थस्टार कंपनीने कारभार हाती घेतला, कबूल केलेलं उत्पन्न आलं नाही, दंडावरून वाद झाले आणि २०१४ मध्ये सरकारने करार संपवायचा निर्णय घेतला. पुढे त्यांनी पुन्हा खाजगी कंपनीच नेमली, हेही खरं.

पारदर्शकतेबद्दल एवढंच सांगतो: राजकीय पक्षांना नाव उघड न करता देणगी देण्यासाठीच्या निवडणूक रोख्यांचा सर्वांत मोठा खरेदीदार एक खाजगी लॉटरी वितरक निघाला. फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी रुपये. हे लोकांना कळायला २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला.

आता मेसेजमधलं अर्धसत्य. केरळ आपल्या कितीतरी पुढे आहे, हे नाकारता येत नाही. १९६९ पासून चालत आलेल्या आपल्या राज्य लॉटरीकडे सरकारनेच लक्ष दिलं नाही. २०२५ मध्ये उत्पन्न वाढवण्यासाठी सुधीर मुनगंटीवारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली ती त्यामुळेच. मग केरळचं घ्यायचंच असेल तर तिथलं सरकारी खातं, जिल्हा कार्यालयं आणि विक्रेत्यांचं कल्याण मंडळ घ्या. लॉटरी मुळात नकोच, असं म्हणणाऱ्यांशीही मी बोलायला तयार आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये ती बंद केली. तो वाद प्रामाणिक आहे, हा मेसेज नाही.