खुलासा: बॅटरी काढल्याने इंजिनचा दोष जात नाही
सोलापूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर फिरतंय: ‘इंजिनचा लाईट लुकलुकला तर बॅटरीची वायर १० मिनिटं काढा, दोष जातो.’ हे चूक आहे. लाईट विझतो तो गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड पुसला गेल्यामुळे. मेकॅनिकला हवी असलेली माहितीही त्यासोबत जाते.

पेट्रोल गाडीत लाईट लुकलुकणं म्हणजे बहुधा मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) जाऊन पेटतं, तो आतून वितळू शकतो, आणि तो खर्च ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या कितीतरी पट. आमच्या होटगी रोडच्या गॅरेजात स्कॅनरवर पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर) आला की त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला वीज देणारा भाग) तिसऱ्यावर लावून बघतो. कोड पी०३०३ झाला, म्हणजे दोष तिसऱ्यात गेला, तर कॉइलच गेलेली. नाहीतर प्लग, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग).

लाईट लुकलुकत असताना अक्कलकोटला निघू नका. गाडी बाजूला घ्या, टोचन करून आणा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.